पंगत आणि जू : यरुशलेमचा वाद व दोन मराठी स्त्रिया

ख्रिस्ती होणाऱ्या परराष्ट्रीयांनी सुंता करून मोशेचे नियमशास्त्र पाळावे काय, हा इ. स. 49च्या सुमारास यरुशलेमच्या सभेपुढे आलेला प्रश्न आपण बहुधा धर्मशास्त्राच्या खाती टाकतो. वस्तुतः तो आचार आणि श्रद्धा यांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न होता. मराठी ख्रिस्ती आत्मपर लेखनाचा विचारही त्यास वगळून करता येत नाही.

‘प्रेषितांची कृत्ये’च्या 15व्या अध्यायात पेत्र नियमशास्त्राला जू म्हणतो. सभा सुंतेची अट काढते. परंतु मूर्तींचा नैवेद्य, रक्त, गुदमरून मारलेले प्राणी व जारकर्म वर्ज्य ठरविते. चारांपैकी तीन अटी ताटासंबंधीच्या आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, की परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा हाच पेत्र याकोबाकडील माणसे येताच अंत्युखियात पंगतीतून मागे सरला. तत्त्व मान्य असले तरी पंगत अवघड असते, हे 1890मध्ये पंचहौद मिशनमधील चहावरून ग्रामण्य अनुभवलेल्या पुण्यास सांगावयास नको.

पंडिता रमाबाईंनी 1883मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. सिस्टर जेरल्डिन यांना त्यात जातीचा अवशेष दिसला. 1977मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात 1885 सालचे एक पत्र आहे. येथील पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तसेच दुसरे जोखड आपण स्वीकारणार नाही, असा रमाबाईंचा त्यातील आशय. प्रतिमा पेत्राचीच, मात्र जू लादणाऱ्याच्या जागी आता आंग्ल चर्च आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात केवळ भाजीपाला खाणाऱ्याला पौल दुर्बल म्हणतो, परंतु खाणाऱ्याने न खाणाऱ्यास तुच्छ मानू नये असेही बजावतो. रमाबाईंचा पक्ष या दुसऱ्या वाक्यावर उभा राहतो. तथापि ब्राह्मण घरातून आलेला शाकाहार जातिनिरपेक्ष असतो काय, ही जेरल्डिन यांची शंका निव्वळ वासाहतिक म्हणून झटकता येणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या, 1934पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त क्रम उलटा आहे. पती 1895मध्ये ख्रिस्ती झाले. पुन्हा एकत्र राहू लागल्यावरही लक्ष्मीबाई आपला स्वयंपाक व सोवळे वेगळे राखीत. पुढे स्वतःच्या विचाराने त्यांनी शिवाशीव सोडली, आणि बाप्तिस्मा त्यानंतर, 1900मध्ये घेतला. पौलाच्या मांडणीत श्रद्धेमुळे नियम अनावश्यक ठरतो. येथे नियम आधी गळतो आणि श्रद्धेस वाट होते. पेत्र पंगतीतून उठला, लक्ष्मीबाई पंगतीत येऊन बसल्या. धर्मांतर हा एकच निर्णायक क्षण मानणाऱ्या समीक्षेच्या हाती हा क्रम लागत नाही.

या दोन्ही संहितांची मर्यादाही नोंदविली पाहिजे. काय सोडावे व काय राखावे, हा प्रश्न ज्यांच्यापाशी सोडण्याजोगा अधिकार होता त्यांचा आहे. अहमदनगर (आता अहिल्यानगर) परिसरात अमेरिकन मराठी मिशनकडे मोठ्या संख्येने आलेल्या महार-मांगांपुढे आपल्याला पंगतीत बसू देतील काय, हाच प्रश्न होता. यरुशलेमच्या सभेत ज्यांच्याविषयी निर्णय झाला ते परराष्ट्रीय त्यांनाच अधिक जवळचे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे वाचन त्यांच्या बाजूने अद्याप पुरेसे झालेले नाही.