ढालीतले पाच बाण आणि एक रडगाणं

उत्तरकालीन रोमन सैन्याचा विषय निघाला की वेगेटिअसचा ‘एपिटोमा रेई मिलिटारिस’ हा ग्रंथ पुढे येतोच. अनुवादातून तो वाचताना मला वाटत राहिलं, की यात दोन लेखक आहेत आणि त्यातल्या एकावरच माझा विश्वास बसतो.

पहिला लेखक ‘प्लुम्बाटा’बद्दल लिहितो. हे हाताने फेकायचं हत्यार: आखूड दांडा, मागे पिसं, पुढे काटेरी लोखंडी टोक आणि टोकाच्या मुळाशी शिशाचा गोळा. इंग्लंडमधल्या रॉक्सेटरच्या उत्खननात अशी टोकं सापडली आहेत. जुन्या रोमन सैनिकाचा ‘पिलम’ हा भाला जड, एखाददुसराच नेता येणारा. प्लुम्बाटा मात्र ढालीच्या आत पाच ठेवायच्या, असं वेगेटिअस सांगतो. म्हणजे ढालकरी गडीच तिरंदाजाचं काम करणार. शत्रू भिडण्याआधीच माणूस आणि घोडा जायबंदी. इलिरिकममधल्या दोन लीजन यात इतक्या तरबेज, की डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन या सम्राटांनी त्यांना ज्युपिटर आणि हर्क्युलिसच्या नावांवरून किताब दिले. प्रकरण छोटं, पण चोख.

थोडं पुढे गेलं की दुसरा लेखक भेटतो. सम्राट ग्रेशियनच्या काळापर्यंत पायदळ चिलखत घालत होतं. मग सराव सुटला, वजन सोसेना, सैनिकांनी विनंती करून आधी चिलखत टाकलं, मग शिरस्त्राण, आणि गॉथ तिरंदाजांनी त्यांना उघड्या अंगावर टिपलं. ‘आजकालची पोरं’ हा सूर ओळखीचा वाटतोय ना?

मला हे पटत नाही. ३७८ सालच्या एड्रियानोपलच्या लढाईत अमियानस (हा स्वतः सैन्यात अधिकारी होता) शस्त्रसामग्रीच्या ओझ्याने थकलेले रोमन सैनिक दाखवतो. ‘नोटिशिया डिग्निटाटम’ या सरकारी दस्तऐवजात मांतुआला चिलखतांचा कारखाना नोंदलेला आहे. काही तुकड्या चिलखताविना लढल्याही असतील. पण चिलखत द्यायचं कुणी? एड्रियानोपलमधून जेमतेम एक तृतीयांश सैन्य वाचलं, असं अमियानस सांगतो. बाकीचे मेले ते अंगावरच्या लोखंडासकट. ते पुन्हा घडवायचा खर्च खजिन्याचा. वेगेटिअस तिकडे बघतच नाही, थेट सैनिकाच्या आळसावर बोट ठेवतो. ग्रंथ सम्राटाला अर्पण केलाय, हे विसरून कसं चालेल!

गंमत म्हणजे याच रडगाण्यात पहिला लेखक मध्येच डोकावतो. तो विचारतो: पायदळातल्या तिरंदाजाला धनुष्यासोबत ढाल धरता येत नाही, निशाणवाल्याचा डावा हात काठीत अडकलेला, चिलखत नसेल तर यांनी करायचं काय? आणि जाता जाता सांगतो, की पूर्वी सैनिक एरवीही कातड्याची पॅनोनियन टोपी घालून फिरत, म्हणजे लढाईत शिरस्त्राण डोक्याला जड वाटू नये.