तबकडीच्या कडेची ओळ

वेस्ट एंड वॉच कंपनीचं एक ‘सोवार प्रायमा’ घड्याळ माझ्यासमोर आहे. जुन्या जालन्यातल्या एका घरातून, आनंदी स्वामींच्या मंदिराकडच्या गल्लीतून आलेलं. तबकडीचा चंदेरी रंग कडेला तपकिरी झालाय, नवाच्या अंकाजवळ बारीक ठिपके उठलेत. शेजारी त्याच कंपनीचं दुसरं घड्याळ आहे, त्याची तबकडी लख्ख पांढरी. दुकानात दोन्ही मांडली तर बहुतेकांचा हात दुसऱ्याकडेच जाईल. मी पहिलं घेईन. त्या डागांमागे जे शाबूत राहिलंय, ते दुसऱ्यावरून पुसलं गेलंय.

ही कंपनी १८८६ साली मुंबईत सुरू झाली. घड्याळं स्वित्झर्लंडची, गिऱ्हाईक मुख्यतः हिंदुस्थानातलं आणि पश्चिम आशियातलं. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड-हैदराबाद रेल्वे इथून गेली आणि कापसाच्या व्यापाराला वेग आला. ‘जालना सोने का पालना’ म्हणणाऱ्या या गावात मनगटी घड्याळ ही ऐपतीची खूण होती. त्यामुळे ते जपलं गेलं, दुरुस्त होत राहिलं, आणि दुरुस्तीत पुष्कळदा रंगवलंही गेलं.

आता भिंग लावून पहिली तबकडी वाचू. सहाच्या जागी सेकंदकाट्याचं छोटं वर्तुळ आहे. ते नुसतं छापलेलं नाही, तबकडीच्या पातळीखाली किंचित उतरलेलं आहे. त्या खोलगट भागात एकात एक अशा केसाइतक्या बारीक गोल रेषा कोरल्यात. खिडकीशी धरून घड्याळ हळू फिरवलं की प्रकाशाचे दोन पट्टे त्या रेषांवरून पंख्यासारखे सरकतात. बाकीची तबकडी मात्र शांत, खरखरीत चंदेरी. दोन पोतांचा हा फरक कारागिराने मुद्दाम ठेवलाय, म्हणजे धावता छोटा काटा नजरेत वेगळा भरतो. मला या तबकडीतली सगळ्यांत देखणी जागा हीच वाटते. दुसऱ्या घड्याळात हे वर्तुळ आहे, रेषा नाहीत. जुना थर काढताना पत्रा घासला गेला, वर नवा रंग बसला, खोलगट भागाची धार बोथट झाली. प्रकाश तिथे पडतो आणि तसाच पडून राहतो.

मग अक्षरं. कारखान्यात नाव छापायची रीत अशी: पोलादी पट्टीवर मजकूर कोरायचा, कोरीव भागात शाई भरायची, वरची शाई खरवडून टाकायची, मऊ गोळा दाबून मजकूर उचलायचा आणि तबकडीवर टेकवायचा. म्हणून अस्सल छपाई भिंगाखाली अंगाने किंचित उठलेली दिसते, अक्षरांची टोकं तीक्ष्ण असतात, दोन अक्षरांमधली जागा सारखी पडते. दुसऱ्या घड्याळावर ‘वेस्ट एंड’ जाड आलंय, ‘ई’ची मधली रेघ शाईत बुजलीय आणि खालचं ‘प्रायमा’ मध्यापासून ढळलंय. साध्या डोळ्यांना हे टोचत नाही. एकदा दिसलं की मात्र तिथून नजर हटत नाही.

कडेची ओळ सगळ्यांत शेवटी पाहावी. ‘स्विस मेड’ हे दोन शब्द अगदी तळाला, सेकंदाच्या वर्तुळाच्या दोन बाजूंना, काचेच्या कडेखाली अर्धवट लपलेले असतात. पहिल्या तबकडीवर ते इतके लहान आहेत की वाचायला मान तिरपी करावी लागते. दुसरीवर ते नाहीतच. रंगवणाऱ्याला नाव हवं होतं, अंक हवे होते. न दिसणाऱ्या ओळीसाठी वेगळा ठसा कोण करणार? मिनिटांच्या रेघाही तशाच. दर पाचवी रेघ तासाच्या अंकाच्या नेमकी मध्यावर यायला हवी. दुसऱ्या घड्याळात बाराशी ती जुळते, चारपर्यंत येता येता अर्ध्या रेघेने सरकलेली असते.

यापैकी एकाच खुणेवर निवाडा करू नये. कंपन्याही दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या तबकड्या बदलून देत असत. पाहायचं ते एवढंच, की घड्याळाचे सगळे भाग एकाच वयाचे वाटतात का. केसवर चरे, चावी झिजलेली, काट्यांवर गंज आणि तबकडी मात्र कालची, तर काहीतरी मधे घडलंय. अंधारात चमकणारा लेप असेल तर काट्यांवरचा आणि अंकांवरचा एकाच छटेचा हवा. रेडियमचा जुना लेप तपकिरी पडतो. घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं असेल तर काट्याची सावलीच तबकडीवर भाजल्यासारखी उमटते. ही सावली मला अस्सलपणाची फार मोलाची साक्ष वाटते. पण तो लेप नखाने खरवडायला जाऊ नका. चमक गेली तरी घातक रेडियम गेलेलं नसतं. निम्मं व्हायलाच त्याला सुमारे १६०० वर्षं लागतात.

एचएमटीबाबत डोळे जास्तच उघडे ठेवावे लागतात. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ पासून बेंगळुरूत बनलेली ही घड्याळं मराठवाड्यात शिक्षकांच्या, तलाठ्यांच्या, कंडक्टरांच्या मनगटावर होती. २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ-विभाग बंद करायचा निर्णय घेतला, मागणी वाढली, आणि एचएमटीची ‘जनता’ घड्याळं कधी नव्हत्या अशा भडक रंगांत बाजारात दिसू लागली. आतलं यंत्र खरं, चेहरा नवा. विकणारा ‘ओरिजिनल’ म्हणतो, तेव्हा मला राग येतो. जे घड्याळ एखाद्या मास्तरांनी तीस वर्षं रोज सकाळी चावी देऊन वापरलं, त्यावर भलताच चेहरा चढवून त्याची ओळखच खोटी केली जाते.

रंगवणाऱ्या घड्याळजीवर मात्र माझा राग नाही. पावसाळ्याची ओल आत शिरून अंक दिसेनासे झाले, तर माणसाला वेळ कळायला हवी होती. त्याने ती कळवली. गिऱ्हाईकही तेच मागत होतं. आजही घड्याळ साफ करायला दिलं की घड्याळजी चाचा आपुलकीने विचारतात, “डायल पण चकाचक करून देऊ का?” तेव्हा स्पष्ट सांगावं: चाचा, तेल द्या, स्प्रिंग बदला, काच नवी टाका, डायलला हात लावू नका.

आणि तबकडी यंत्रावरून उतरेल तेव्हा तिथेच थांबावं, कारण साफसफाईत ती एकदा सुटी होतेच. उलटी करून बघायला मागावी. तिथे दोन बारीक पाय असतात, त्यांवर ती यंत्रात बसते. माझ्या मळक्या ‘सोवार’ची पाठ सारख्या रंगाने काळवंडलेली होती, पायांची मुळं स्वच्छ. लख्ख घड्याळाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा ओघळ कडेवरून आत आलेला, एक पाय नव्याने डाखलेला, आणि मधोमध सुईने ओरखडून लिहिलेला आकडा: गठ्ठ्याने आलेल्या तबकड्यांत कोणती कोणाची, हे ओळखण्यासाठी रंगवणाऱ्याने घातलेला.