पिकअप बदलण्यापूर्वी

विद्युत् गिटारच्या तारांचे कंपन विजेत उतरविणारा पिकअप काढून नवा बसविण्याची हौस 1972 च्या सुमारास डिमार्झिओचा ‘सुपर डिस्टॉर्शन’ निघाल्यापासून बोकाळली. जितका आवाज दांडगा तितका पिकअप सरस, हा समजही तेव्हाचाच. तो आम्हांस मान्य नाही.

गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन वेटोळ्यांचा पिकअप सिद्ध केला, तो दांडगाईसाठी नव्हे. एका वेटोळ्याच्या पिकअपमधील विजेची घरघर घालविण्यासाठी. वेटोळी व चुंबकध्रुव परस्परांविरुद्ध ठेवले की घरघर मावळते, तारेचा नाद मात्र टिकतो. आरंभीच्या त्या पिकअपांतील वेढे काटेकोर मोजलेले नसत. दोन वेटोळी पुष्कळदा असमान उतरत. त्यांच्या मोकळ्या नादाचे थोडे श्रेय या ढिलाईलाही द्यावे लागेल! वेढे वाढविले की आवाज चढतो खरा, पण तीव्र उपस्वर दबतात आणि गिटार घोगरी होते. शिवाय खोक्यावरचा ओमांचा आकडा नुसती तार बारीक घेतली तरी वाढतो. त्यावर भिस्त ठेवणे म्हणजे जवारी न ऐकता भोपळ्याचा घेर मोजून तंबोरा घेणे होय.

मानेजवळचा पिकअप घोगरा वाटला, तर प्रथम बाजूचे दोन स्क्रू फिरवून तो तारांपासून किंचित खाली न्यावा. यास पैसा पडत नाही. आठ दिवस वाजवूनही मन भरले नाही, तर खुशाल दुकान गाठावे. मात्र आपली गिटार बरोबर न्यावी.