स्थापत्याचा प्रवासी : ‘द रोड टू ऑक्सियाना’मधील इराण

रॉबर्ट बायरन यांचे ‘द रोड टू ऑक्सियाना’ (१९३७) हे १९३३-३४ मधील इराण व अफगाणिस्तानच्या प्रवासाचे दैनंदिनीरूप वर्णन होय. एल्बुर्झ पर्वतापलीकडील गुंबद-ए-काबूसचा विटांचा मनोरा आणि इस्फहानची शेख लुत्फुल्ला मशीद यांच्या वर्णनांत त्यांची स्थापत्यदृष्टी प्रकर्षाने जाणवते. पर्सेपोलिसच्या शिल्पांत मात्र त्यांना उत्स्फूर्ततेचा अभाव दिसतो. केवळ प्राचीनतेपुढे नतमस्तक न होणारी ही स्वतंत्र बुद्धी स्वागतार्ह आहे. तथापि माणसांच्या बाबतीत ही सूक्ष्मता टिकत नाही. रझा शाहचा उल्लेख टोपणनावाने करावा लागावा, इतके भय त्या राजवटीत होते. परंतु ते सोसणारे इराणी लोक येथे बहुधा विनोदी संवादांपुरतेच उरतात. विटेला मिळालेला न्याय माणसाला न मिळणे, ही या श्रेष्ठ ग्रंथाची मर्यादा होय.