पोलादाचा तक्ता आणि कोयत्याचे पाणी

माध्यमिक शाळेच्या विज्ञानात संमिश्रांचा एक तक्ता हमखास भेटतो. डावीकडे पितळ, कासे, पोलाद अशी नावे. पुढे घटक, गुणधर्म आणि उपयोग. पोलादासमोर साधारणपणे असे असते : लोह व कार्बन, कठीण व मजबूत, यंत्रे, पूल, हत्यारे. यातले एकही विधान खोटे नाही. तरीही या तक्त्याविषयी आमची तक्रार आहे.

एका शाळेत आम्ही धातूंवर बोलायला गेलो होतो. जिच्या घरी लोहारकामाचा भाता आहे अशा एका मुलीने विचारले, "पोलाद मुळातच कठीण असतं, तर माझे वडील कोयत्याला पाणी कशाला देतात?" वर्गशिक्षक म्हणाले, "ते परीक्षेला नाही. खाली बस." मुलगी बसली. दोष एकट्या शिक्षकांचा नव्हता. ज्या तक्त्यावरून ते शिकवत होते, त्यात या प्रश्नाला जागाच नव्हती.

तक्ता गृहीत धरतो की घटक ठरले की गुणधर्म ठरले. एकच पोलाद घेऊन हे तपासू. अमेरिकी मानकात ४१४० या क्रमांकाचे मध्यम कार्बन संमिश्र पोलाद आहे. आपल्या कारखान्यांत त्याच्या जवळचे पोलाद 'ईएन १९' नावाने ओळखतात. त्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन, १ टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि ०.२ टक्के मॉलिब्डेनम असते. ॲक्सल, क्रँकशाफ्ट, गिअर, मोठा ताण सोसणारे बोल्ट यांसाठी ते वापरतात.

हे पोलाद तापवून भट्टीतच सावकाश निवू दिले, तर त्याचे ताणसामर्थ्य ६५० मेगापास्कलच्या आसपास राहते आणि ते लेथवर सहज कापता येते. तेच ८४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवले आणि मग सुमारे २०० अंशांना पुन्हा तापवले, तर हा आकडा १,७०० च्या पुढे जातो. दुसऱ्यांदा तापवताना ५४० अंशांपर्यंत नेले, तर तो १,१५० च्या जवळ येतो. पण चिवटपणा वाढतो. घटकांत कणाचाही बदल नाही. मग तक्त्यात कोणता गुणधर्म लिहायचा?

कारण समजायला अवघड नाही. ८४५ अंशांना लोहाच्या अणूंची मांडणी अशी असते की हा सगळा कार्बन तिच्यात विरघळून राहतो. सावकाश निवताना कार्बन बाहेर पडतो आणि लोह-कार्बाइड वेगळे होते. पोलाद मऊ राहते. झटकन थंड केले, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकतो आणि अणूंची मांडणी ताणली जाते. या रचनेला जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ती फार कठीण, पण ठिसूळ असते. बेताने पुन्हा तापवले की अडकलेला कार्बन बारीक कणांच्या रूपाने सुटतो. थोडा कठीणपणा जातो, चिवटपणा येतो. यालाच टेंपरिंग म्हणतात.

तक्त्याचा दुसरा तोटा क्रोमियमच्या बाबतीत दिसतो. 'क्रोमियममुळे पोलाद गंजत नाही' असे मुले पाठ करतात. पण गंजरोधक पोलादात ते किमान १०.५ टक्के लागते. ४१४० मध्ये ते एकच टक्का आहे आणि हे पोलाद गंजते. येथे क्रोमियमचे काम निराळे आहे. साध्या मध्यम कार्बन पोलादाची ५० मिलिमीटर जाडीची सळई पाण्यात बुडवली, तरी वरचा थरच कठीण होतो. आतला भाग तितक्या वेगाने निवत नाही. क्रोमियम व मॉलिब्डेनम कार्बाइड वेगळे होण्याची क्रिया लांबवतात, त्यामुळे कठीणपणा खोलवर पोचतो. जाड भाग सौम्यपणे, तेलात, थंड करता येतो आणि तडे जाण्याचा धोकाही कमी होतो.

तिसरी गोष्ट शब्दांची. 'कठीण', 'मजबूत' आणि 'चिवट' हे शब्द एकाच रकान्यात कोंबले की तिन्हींचा अर्थ हरवतो. काच कठीण असते, पण तिचा ॲक्सल कोणी करत नाही.

तक्ता फाडून टाका, असे आमचे म्हणणे नाही. त्यात 'प्रक्रिया' हा एक रकाना वाढवावा आणि तीन शिवणाच्या सुया आणाव्यात. सुईत कार्बन जास्त असतो, पण तत्त्व तेच. शिक्षकांनी चष्मा लावून, चिमट्याने धरून तिन्ही सुया ज्योतीत लालबुंद कराव्यात. पहिली हळूहळू निवू द्यावी, ती वाकते. दुसरी लाल असतानाच पाण्यात टाकावी. वाकवू जाता ती कट्कन मोडते. तुकडा उडू नये म्हणून ती फडक्यात धरावी. तिसरी पाण्यात टाकून, पुसून, घासून, निळसर होईपर्यंत बेताने तापवावी. ती वाकून परत सरळ होते.

दहा मिनिटांचे हे काम. त्यानंतर भात्याशेजारी वाढलेल्या मुलीला खाली बसवावे लागणार नाही. उलट, पुढचा भाग तिलाच सांगायला बोलावता येईल.