फरक ऐकू येतो का, आणि तुम्ही किती वेळा विचारलंत?

हाय-एंड ऑडिओचा नाद असलेली दोन माणसं एका खोलीत बसवा आणि विचारा, महागड्या यंत्राने आवाजात खरंच फरक पडतो का? संध्याकाळ गेली म्हणून समजा. एक म्हणेल, "जमीन-अस्मानाचा फरक आहे, कान असतील तर ऐका." दुसरा म्हणेल, "कोणतं यंत्र वाजतंय ते न बघता ऐका, मग बोलू." हे भांडण निदान चाळीस वर्षं चालू आहे आणि दोन्ही बाजूंकडे एकमेकांच्या तोंडावर फेकायला पेपर आहेत.

आज त्यातले दोन पेपर घेऊ. दोन्ही 'जर्नल ऑफ द ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी'मधले, एक २००७ चा आणि दुसरा २०१६ चा. पहिल्याचा दाखला "फरक नाही" म्हणणारे देतात, दुसऱ्याचा "फरक आहे" म्हणणारे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा नुकताच विषय ठरवला असेल, आणि ऑडिओशी तुमचा काडीचा संबंध नसेल, तरी वाचा. कारण "फरक आढळला नाही" हे वाक्य उद्या तुमच्याही प्रबंधात येणार आहे, आणि त्याचा अर्थ काय असं व्हायवाला कुणीतरी विचारणारच.

आधी थोडी पार्श्वभूमी. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. त्यामुळे साधारण २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात मावतो. माणसाची ऐकण्याची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झ धरतात, आणि वय वाढतं तशी ती खाली येते. १९९९ च्या सुमारास एसएसीडी आली, पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ. या 'हाय-रेझोल्यूशन' प्रकारांत त्याहून कितीतरी जास्त माहिती साठवता येते. प्रश्न एवढाच की ती जास्तीची माहिती कानाला कळते का.

ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये केलेला प्रयोग मांडणीला फार साधा आहे, म्हणूनच मला आवडतो. हाय-रेझोल्यूशन डिस्क वाजवायची. एका बटणावर तिचा आवाज थेट येतो. दुसऱ्या बटणावर तोच आवाज मध्ये सीडीच्या दर्जाच्या रूपांतरातून, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या चिंचोळ्या वाटेतून, जाऊन येतो. ऐकणाऱ्याला अ, ब आणि क्ष अशी तीन बटणं. क्ष म्हणजे अ की ब, ते ओळखायचं. एकूण ५५४ प्रयत्न झाले आणि २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढंच मिळालं असतं.

जोशुआ रीस यांचा २०१६ चा पेपर मेटा-ॲनालिसिस आहे. त्यांनी स्वतः कुणाला काही ऐकवलं नाही. पुरेशी आकडेवारी मिळू शकली असे १८ प्रयोग त्यांनी एकत्र केले: ४०० हून जास्त माणसं, १२,५०० हून जास्त प्रयत्न. बरोबर उत्तरांचं प्रमाण निघालं ५२.३ टक्के. लहान, पण संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय. ज्यांना आधी चांगलं प्रशिक्षण दिलं होतं त्यांच्यात हे प्रमाण बरंच वाढलं, साठ टक्क्यांच्या आसपास.

झालं. एका गटाने ४९.८ चा झेंडा घेतला, दुसऱ्याने ५२.३ चा.

आता पेन्सिल घ्या. ५५४ प्रयत्नांत निव्वळ अंदाजाने २७७ उत्तरं बरोबर येतील अशी अपेक्षा, आणि प्रमाण विचलन ५५४ च्या वर्गमुळाच्या निम्मं, म्हणजे सुमारे ११.८. टक्क्यांत मांडलं तर ९५ टक्क्यांचा विश्वासांतराळ ४५.६ ते ५४ इतका पसरतो. रीस यांचे ५२.३ कुठे बसतात बघा. आरामात आत. म्हणजे मायर-मोरान यांचा निकाल "फरक शून्य आहे" याच्याशी जुळतो आणि "फरक ५२.३ टक्क्यांइतका आहे" याच्याशीही जुळतो. ज्या दोन पेपरांची कुस्ती लावली जाते, ते आखाड्यात समोरासमोर आलेलेच नाहीत. उलट मायर-मोरान यांचा प्रयोग रीस यांच्या १८ मध्ये धरलेला आहे.

यालाच पॉवर म्हणतात. फरक खरोखर असताना तो पकडण्याची तुमच्या प्रयोगाची क्षमता. खरं प्रमाण ५२.३ टक्के असेल, तर ५५४ प्रयत्नांत ते लक्षणीय म्हणून दिसण्याची शक्यता माझ्या हिशोबाने जेमतेम २९ टक्के येते. सगळ्यांनी धरतात ती ८० टक्क्यांची पॉवर हवी असेल तर २,९०० च्या आसपास प्रयत्न लागतील. (प्रत्येक प्रयत्न स्वतंत्र आहे असं धरून हा हिशोब आहे. एकच माणूस सलग ऐकत बसतो तेव्हा ते पूर्ण खरं नसतं, हेही लक्षात ठेवा.)

हा आक्षेप नवा नाही. लेस लेव्हेंथल यांनी १९८६ मध्ये याच जर्नलमध्ये तो मांडला होता. तेव्हा ऐकण्याच्या चाचण्या अनेकदा १६ प्रयत्नांच्या असत. १६ पैकी १२ बरोबर आली तर "ऐकू येतं" म्हणायचं, कारण नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त येण्याची शक्यता ३.८ टक्के. ठीक. पण एखाद्याला खरोखर ६० टक्के वेळा ओळखता येत असेल तर? तो ही परीक्षा पास होण्याची शक्यता फक्त १७ टक्के. ७० टक्के वेळा ओळखणारा असेल तरी ४५ टक्के. म्हणजे कान चांगला असूनही निम्म्याहून जास्त वेळा त्याला नापास करणारी परीक्षा आपण घेतोय, आणि वर म्हणतोय, बघा, काही फरक नसतोच.

इथपर्यंत वाचून 'फरक आहे'वाले खूश झाले असतील. जरा थांबा.

हेच गणित पुढे न्या. एखाद्याला ९० टक्के वेळा ओळखता येत असेल तर १६ प्रयत्नांची चाचणी तो पास होण्याची शक्यता ९८ टक्के आहे. म्हणजे ही चाचणी लहान फरकांसाठी तोकडी असली तरी मोठ्या फरकांसाठी चांगलीच पुरेशी आहे. आणि या छंदातली भाषा आठवा. "पडदा बाजूला झाल्यासारखं वाटलं." "स्वयंपाकघरातून बायकोलाही कळलं." (हे वाक्य इतक्या वेळा येतं की कुणीतरी त्या बायकांचाही एक सर्व्हे घ्यायला हवा.) एवढा फरक असेल तर १६ प्रयत्न भरपूर झाले. दावा जमीन-अस्मानाचा करायचा, आणि चाचणीत काही निघालं नाही की "सॅम्पल लहान होता" म्हणायचं, हे चालणार नाही. सॅम्पल पुरेसा आहे की नाही हे दाव्याच्या आकारावर ठरतं. रीस यांचा पेपर पुढे करणाऱ्यांनी ५२.३ चा अर्थही सांगायला हवा. समजा माणूस काही वेळा खरोखर ओळखतो आणि उरलेल्या वेळा अंदाज करतो. मग ५२.३ टक्के म्हणजे शंभरातले चार-पाच वेळा ओळखलं आणि बाकी पंचाण्णव वेळा नाणं उडवलं. यावर लाखभर रुपये घालायचे असतील तर खुशाल घाला, पैसे तुमचे आहेत. फक्त पडदा बाजूला झाला असं म्हणू नका.

प्रशिक्षणाचा मुद्दा मात्र मला खरा वाटतो आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. तंबोरा जुळवणाऱ्याला 'आता लागला' हे ज्या क्षणी कळतं, त्या क्षणी शेजारी बसलेल्याला काहीही कळलेलं नसतं. तोच शेजारी दोन वर्षं रोज बसला की त्यालाही कळायला लागतं. कानसेन घडवावा लागतो. मग रस्त्यावरची चारशे माणसं घेऊन सरासरी काढली तर त्यात 'कुणालाच कळत नाही' आणि 'थोड्यांना चांगलं कळतं' या दोन शक्यता एकमेकांत मिसळून जातात. मायर-मोरान यांनी हे तपासायचा प्रयत्न केला होता: ऑडिओफाइल आणि स्टुडिओत काम करणाऱ्यांची उत्तरं वेगळी काढली, ती ४६७ पैकी २४६ बरोबर निघाली, म्हणजे ५२.७ टक्के. गणित करा, हेही योगायोगाच्या हद्दीतच बसतं. आकडा रीस यांच्या ५२.३ जवळ आहे म्हणून उड्या मारू नका. गट पाडत गेलं की कुठला ना कुठला गट हवा तसा दिसतोच. त्याच पेपरात १५ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू शकणाऱ्यांचं प्रमाण ४५.३ टक्के आलंय, मग चांगला कान असलेल्यांना कमी कळतं असं म्हणायचं का?

शिवाय फरक ऐकू आला म्हणजे तो कशामुळे आला हे कळलं, असं नाही. जपानमधल्या संशोधकांनी २००० च्या सुमारास यावर एक सुरेख प्रयोग केला. ऐकू येणारे आणि कानाच्या मर्यादेपलीकडचे सूर एकाच स्पीकरमधून वाजवले तर लोकांना फरक ओळखता आला. तेच सूर वेगवेगळ्या स्पीकरमधून वाजवले तर फरक गायब. कारण पलीकडच्या सुरांमुळे तो एकच स्पीकर थोडा बिघडलेला आवाज काढत होता, आणि तो बिघाड ऐकू येण्याच्या पट्ट्यात पडत होता. लोकांनी 'जास्तीची माहिती' ऐकली नव्हती, स्पीकरची कुरकुर ऐकली होती. मेटा-ॲनालिसिसच्या ५२.३ मध्ये अशी कुरकुर किती मिसळली आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा. अठरा प्रयोग एकत्र केले की त्यांच्यातले दोषही एकत्र होतात.

मायर-मोरान यांच्या पेपरावरही गंभीर आक्षेप आहे. त्यांनी वापरलेल्या काही डिस्कवरचं मूळ ध्वनिमुद्रणच हाय-रेझोल्यूशन नव्हतं, असं नंतर म्हटलं गेलं. तसं असेल तर त्या डिस्कपुरता प्रयोगात फरकच ठेवलेला नव्हता, मग ऐकू काय येणार? माझ्या मते त्या पेपरातली हीच सगळ्यांत कच्ची जागा. पॉवर कमी असणं समजून घेता येतं, पण काय ऐकवतोय याची खातरजमा प्रयोग सुरू व्हायच्या आधी करायची असते.

पण त्याच पेपरात एक निरीक्षण आहे ज्याचा उल्लेख दोन्ही बाजू सहसा करत नाहीत. लेखक स्वतः म्हणतात की या हाय-रेझोल्यूशन डिस्क सीडीपेक्षा अनेकदा खरंच चांगल्या वाजतात. कारण? चोखंदळ गिऱ्हाइकासाठी त्यांचं मिक्सिंग आणि मास्टरिंग जास्त काळजीने केलेलं असतं. म्हणजे घरी एसएसीडी लावून "ही सरस आहे" म्हणणारा माणूस बरोबर असू शकतो. त्याचं निरीक्षण खरं, कारणमीमांसा चुकीची. आपल्या विषयांतही हे सारखं घडतं, आणि "तुला भास झाला" एवढं म्हणून विषय संपवणाऱ्याने निम्मंच काम केलेलं असतं.

न बघता ऐकण्याच्या अटीबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये हार्मन कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड. दिसत असताना दिलेले गुण वेगळे होते. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे स्पीकर खोलीत कुठे ठेवलाय यामुळे आवाजात जो खरा बदल होतो, तो पडद्याआडून ऐकताना गुणांत नीट उतरला आणि डोळ्यांसमोर स्पीकर असताना दबून गेला. म्हणजे डोळे नसलेला फरक दाखवतात आणि असलेला लपवतातही. दुसरी अट आवाजाची पातळी जुळवण्याची. किंचित मोठा आवाज मोठा न वाटता 'चांगला' वाटतो, म्हणून या चाचण्यांत पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवतात. दुकानातल्या डेमोत ती जुळवलेली असते का, हे पुढच्या वेळी विचारून बघा.

जुलै २०२२ मध्ये तर या मंडळींवर एक प्रयोग आपोआपच झाला. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या रेकॉर्डसाठी प्रसिद्ध. तिच्या अनेक रेकॉर्डच्या निर्मितीत मध्ये एक डिजिटल पायरी आहे, हे तेव्हा उघड झालं, आणि ती पायरी दहा-अकरा वर्षं तरी वापरात होती. डिजिटलचा कोरडेपणा लगेच कळतो असं म्हणणाऱ्या अनेकांनी याच रेकॉर्ड शुद्ध ॲनालॉगचा नमुना म्हणून वाखाणल्या होत्या. "फरक नाही"वाल्यांनी अर्थातच पेढे वाटले. पण हा नियंत्रित प्रयोग नव्हता. कुणाला समोर दोन आवृत्त्या ठेवून विचारलं नव्हतं. त्यातून एवढंच निघतं की, न सांगता, न विचारता, आपण होऊन ओळखण्याइतका तो फरक ठळक नव्हता. गिऱ्हाइकांचा राग मात्र मला रास्त वाटतो. कळलं नाही तरी फसवलं गेलं, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि कंपनीवर खटलेही झाले.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर एक्सेल उघडा आणि बायनोमियलचं सूत्र वापरून १६ च्या जागी १०० प्रयत्न घाला. ५९ बरोबर हवेत. ६० टक्के वेळा ओळखणाऱ्याची पास होण्याची शक्यता १७ वरून साधारण ६२ टक्क्यांवर जाते. मग तुमच्या स्वतःच्या सिनॉप्सिसमधला सॅम्पल त्या जागी घाला, आणि गाईडकडे जाण्याआधी ठरवा की तुम्ही शोधताय तो फरक बायकोला स्वयंपाकघरातून कळणारा आहे, की शंभरातले चार-पाच वेळा.