‘मी’ आणि ‘मला’ : वीस विधानांच्या कसोटीविषयी

मॅनफर्ड कून व थॉमस मॅकपार्टलंड यांनी १९५४ साली मांडलेली वीस विधानांची कसोटी आत्मप्रतिमेच्या अभ्यासात सुप्रसिद्ध आहे. ‘मी कोण?’ या एकाच प्रश्नाची वीस उत्तरे स्वतःला उद्देशून बारा मिनिटांत लिहावयाची, एवढेच तिचे स्वरूप. उत्तरांचे साचे परीक्षक पुरवीत नाही, हा तिचा निःसंशय गुण होय. तथापि पुढील अनेक इंग्रजी आवृत्त्यांत प्रत्येक ओळीच्या आरंभी ‘आय ॲम’ हे शब्द छापलेले आढळतात. त्यांच्या जागी मराठीत ‘मी’ छापल्यास अडचण उद्भवते. ‘मी विद्यार्थी आहे’ हे विधान त्या ओळीत सहज बसते. परंतु ‘मला लोकांची भीती वाटते’ यातील अनुभव घेणारा प्रथमेत नसून चतुर्थीत असतो. छापील ‘मी’पुढे तोच मनुष्य ‘मी भित्रा आहे’ असे लिहून मोकळा होतो. भीती वाटणे निराळे, भित्रे असणे निराळे. मनात येऊन जाणारा भाव अशा रीतीने स्थायी स्वभाव ठरतो, आणि परीक्षक त्याचीच गणना करतो. हा दोष उत्तर देणाऱ्याच्या आत्मज्ञानाचा नव्हे, प्रश्नपत्रिकेच्या व्याकरणाचा आहे. म्हणून मराठीत ओळी कोऱ्याच ठेवाव्यात, आणि ‘मी’ व ‘मला’ यांची विधाने वेगवेगळी मोजावीत.